शेवटच्या तबकडीतला ढोल

असोद्याचा अभिमन वर्षातले आठ महिने केळीचे घड वाहायचा आणि चार महिने ढोल. घड खांद्यावर आणि ढोल पोटावर, एवढाच काय तो फरक. पण कुणी नव्या माणसाने विचारलं, की बाबा तू काय करतोस, तर तो केळीचं नावही काढत नसे. "तोताराम मास्तरच्या बँडात मोठा ढोल वाजवतो," असं सांगायचा, आणि मग विचारणाऱ्याला ढोलाची सगळी कुळकथा ऐकावी लागायची. भुसावळच्या रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांचा बँड मोडला तेव्हा अभिमनच्या बापाने तो ढोल आणला. त्यावर स्वतःच्या हाताने नवं कातडं चढवलं, स्वतःच्या हाताने दोरी आवळली. त्रेचाळीस साली बाप गेला तेव्हा ढोल अभिमनच्या गळ्यात आला. तेव्हापासून ती दोरी कुणी सोडली नव्हती. असोद्यात वाजवला की भादलीच्या स्टेशनावर ऐकू येतो, अशी त्या ढोलाची ख्याती होती. ती पसरवण्याचं निम्मं काम अभिमननेच केलं होतं, ही गोष्ट वेगळी.

तसा माणूस पन्नाशीला आलेला, बुटका, रुंद, आणि फार लवकर हसणारा. रागही लवकर यायचा, पण टिकायचा नाही. बायको सुंदरबाई म्हणायची, की यांचा राग चुलीवरच्या दुधाएवढाच, फुंकर मारली की खाली. तिचंही बरोबर होतं. एका बाबतीत मात्र फुंकर चालत नव्हती, ती म्हणजे तबकडीची बाब.

तोताराम मास्तर पेशाने शिंपी. बँडातल्या नऊही जणांचे लाल कोट त्यांनी स्वतः शिवलेले, आणि क्लॅरिनेट असं वाजवायचे की नवरीची आईसुद्धा रडायची थांबून ऐकायची. या बँडाच्या दोन तबकड्या निघाल्या होत्या, एक चौसष्ट साली, एक सदुसष्ट साली. दोन्ही मुंबईला. आणि दोन्ही वेळा कंपनीच्या पत्रात शेवटी एकच ओळ होती, मोठा ढोल आणू नये. आवाज यंत्राला सोसत नाही म्हणे. मग आठ जण मुंबईला गेले आणि अभिमन घरी बसला. तिकडे कंपनीचा एक माणूस हातात छडी घेऊन ताल धरायचा आणि आपली मंडळी त्या छडीकडे बघत वाजवायची. जे व्हायचं तेच झालं. तबकडी आली, गावाने ऐकली, 'वा वा' म्हटलं आणि कुणाचं पाऊल म्हणून हललं नाही. झेंडावंदनाला शाळेची पोरं वाजवतात तसं ते वाजलं होतं. मी कुणाला नावं ठेवत नाही, पण जे होतं ते होतं.

गावात चहाचं दुकान होतं चुडामणचं. तो तर टपूनच बसलेला असायचा.

"काय रे अभिमन, तबकडीत तुह्या ढोल कुठी हाये? मुंबईच्या गाडीत इसरला का?"

दरवेळी तेच, आणि दरवेळी नवं सुचल्यासारखं. सहा वर्षं अभिमनने ते ऐकलं. पहिल्यांदा तो हसला, मग चिडला, मग त्याने चुडामणकडचा चहा सोडला. त्याला जे खुपत होतं ते चुडामणने कधी विचारलंच नाही. लोक गेल्यावर एकटा बसून त्याने ती तबकडी ऐकली होती, आणि त्याला कळलं होतं, की आपल्याशिवायही बँड वाजू शकतो. वाईट वाजतो, पण वाजतो. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

सत्तर सालचा जेठ. लगीनसराई सरत आली होती. भुसावळजवळ दीपनगरला विजेचं केंद्र झालं होतं आणि तिथे माणसं घेत होते. बँडातले चौघं एका दमात लागले. दोन ट्रंपेट, एक क्लॅरिनेट आणि साइड ड्रम. कायमची नोकरी, राहायला खोली, खोलीत दिवा. कोण नाही म्हणणार? पेढे वाटले, मास्तरांच्या पाया पडले. मास्तरांनी चौघांच्याही पाठीवर हात फिरवला, घरी आले, मशिनीवर बसले आणि तासभर पायटा न हलवता तसेच बसून राहिले. नऊ जणांतले चार गेले की बँड राहत नाही, भजनी मंडळ राहतं. साठी उलटलेल्या माणसाने आता नवे चौघं कुठून घडवायचे?

दुसऱ्या दिवशी ते उठले आणि धुळ्याला गेले. तिथे आग्रा रोडला भिकमचंद शेठचं रेडिओ-फोनोचं दुकान होतं. शेठ मूळचे राजस्थानातले, पण तीन पिढ्या धुळ्यात काढलेले, आणि गाण्याबजावण्याचे भारी शौकीन. मास्तरांच्या दोन्ही तबकड्या त्यांच्याच दुकानातून खपलेल्या.

"शेठ, बँड मोडला," मास्तर म्हणाले. "मोडायच्या आधी एक तबकडी काढायची हाये. आमची स्वतःची चाल."

शेठ म्हणाले, "मास्तर, नशीब काढलंत. कंपनीचे साहेब यंत्र घेऊन धुळ्यालाच येतायत आठ दिवस. खान्देशातलं जे जे वाजतं ते भरून नेणार. आमच्या जिनिंगचं गोडाऊन दिलंय मी त्यांना. चारी बाजूंनी रुईच्या गाठी, बाहेरची चिमणीसुद्धा आत ऐकू येत नाही."

अशी ती तारीख ठरली. चौघं दीपनगरला रुजू व्हायच्या आधीचा शेवटचा मंगळवार. आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. मास्तरांनी ते वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. अभिमनला निरोप गेला, ढोल घेऊन ये.

अभिमनने ढोल दोन दिवस उन्हात तापवला, पुसला, दोरीला तेलाचा हात दिला. चुडामणच्या दुकानावरून तो मुद्दाम दोनदा गेला. सुंदरबाईने भाकरी बांधून देताना नुसतं म्हटलं, "आता तरी वाजवून या." ती फार बोलणारी बाई नव्हती.

एसटीच्या टपावर ढोल, आत नऊ माणसं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तसतशी उतारूंची बोली बदलत गेली. आपल्याकडचं 'हाये' मागे पडलं आणि 'शे' सुरू झालं. दर थांब्याला अभिमन खिडकीतून मुंडकं काढून टपाकडे बघायचा. कंडक्टर वैतागून म्हणाला, "भाऊ, तो पळून नाही जात."

गोडाऊन खरंच मोठं होतं. मधोमध छतावरून एक मायक्रोफोन लोंबत होता. कोपऱ्यात टेबलावर यंत्र, त्यावर फिरणारी दोन चाकं आणि काचेत एक काटा. यंत्रापाशी कर्णिक साहेब. जाड चष्मा, पांढरा शर्ट, आणि धुळ्याच्या उकाड्याने पार कावलेला जीव. त्यांची नजर ढोलावर गेली.

"मास्तर, मी पत्रात लिहिलं होतं."

"लिव्हलं होतं का?" मास्तर म्हणाले. शिंप्याचं तोंड, सुई धरायची सवय. काही कळू दिलं नाही.

अभिमनने मास्तरांकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं. मानेपासून कानापर्यंत तो तापला. मास्तर हळूच म्हणाले, "पत्र आलतं. मी वाचलंच नही असं समज. आता आपण आलो ना?"

साहेब भले गृहस्थ होते. "बरं, एक ठोका मारा. बघू तरी," म्हणाले. अभिमनने सहा वर्षांचा सगळा राग एका ठोक्यात घातला. छतावरची कबुतरं उडाली, वाशांवरची रुईची धूळ साहेबांच्या यंत्रावर आणि चष्म्यावर पडली, आणि काचेतला काटा तांबड्या रेघेपलीकडे जाऊन तिथेच चिकटून बसला. साहेबांनी चष्मा पुसला.

"ढोल बाहेर," ते म्हणाले.

बाहेर म्हणजे अंगणात, पन्नास पावलांवर, निंबाच्या झाडाखाली. साहेबांचं म्हणणं असं, की तिथून वाजवा, गाठींमधून जे काही झिरपून येईल तेवढा तुमचा वाटा. अभिमन गेला. काय करणार? दार बंद झालं.

आता या बँडाची एक रीत होती, ती इथे सांगितली पाहिजे. वरातीत बँड पुढे आणि नवरदेवाचा घोडा मागे. बँडात सगळ्यात मागे मोठा ढोल. म्हणजे घोडा थांबला, की ते आधी अभिमनला कळायचं. तो तीन ठोके द्यायचा, मोकळे आणि सावकाश, आणि तिसऱ्या ठोक्याला बँड जागच्या जागी गप्प. मास्तरांनी तीस वर्षांपूर्वी घालून दिलेला नियम. ढोल सांगेल तेव्हा थांबायचं, ढोल सांगत नाही तोवर आभाळ कोसळलं तरी फुंकत राहायचं. चाल सुरू मास्तर करत, संपवायचा अभिमन.

साहेबांनी खूण केली, मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं आणि 'चढणीची चाल' सुरू झाली. ही मास्तरांनी स्वतः बसवलेली चाल. असोद्यात वरात चढणीला लागली, वऱ्हाड दमलं, की ती वाजायची आणि म्हाताऱ्यांचे पायसुद्धा उचलायचे. साहेबांना तीन मिनिटं हवी होती. तीन मिनिटं झाली. बाहेर अभिमनने अंदाजाने तीन ठोके दिले आणि फेट्याच्या टोकाने घाम पुसला. आत त्यातला एकही पोचला नाही. रुईच्या गाठींनी सगळा आवाज गिळला.

बँड वाजतच राहिला. साहेबांनी एक हात वर केला. मग दोन्ही हात केले. मग खुर्चीवर उभे राहून खिशातला पांढरा रुमाल काढला आणि जोरजोराने हलवू लागले. आता मला सांगा, वरातीत बँडापुढे कुणी रुमाल हलवला तर त्याचा अर्थ काय? अजून वाजवा! मंडळी खूश झाली. मुंबईचा साहेब नाचायला लागला म्हटल्यावर त्यांनी चाल दुप्पट केली. ट्रंपेटवाल्या पंडितने मान मागे टाकून असा सूर लावला की त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. भिकमचंद शेठलाही राहवेना, त्यांनीही आपला रुमाल काढला. यंत्रावरची फीत संपली आणि तिचं टोक फटक फटक करत फिरू लागलं. शेवटी शेठच्या गड्याने दार उघडलं. आतलं वाजणं ऐकून बाहेर अभिमन तीनताड उडाला. अजून चालूच? त्याने धावत दारात येऊन तीन ठोके हाणले, आणि बँड तिथल्या तिथे थांबला.

साहेब खुर्चीवरून उतरले. "मास्तर, थांबत का नाही तुम्ही?"

"ढोल वाजला नही ना, साहेब."

"अहो, ढोल बाहेर आहे!"

"म्हणून तं," मास्तर म्हणाले.

यावर साहेबांनी मुंबईचाच उपाय काढला. ढोल नकोच. मी हात खाली टाकला की थांबायचं, सगळ्यांनी माझ्याकडे बघा. आठ जणांनी आठ जोड्या डोळे साहेबांच्या हातावर रोवले आणि पुन्हा झेंडावंदन झालं. सूर बरोबर, ताल बरोबर, सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, आणि जीव कशातच नाही. साहेब म्हणाले, "हे चालेल. जेवून येतो, आणखी एकदा असंच वाजवा आणि मोकळे व्हा. चार वाजता दुसरं पथक यायचंय."

मास्तर अंगणात आले. अभिमन ढोलाला टेकून बसला होता. त्याने दारातून सगळं ऐकलं होतं.

"साहेबाले चाललं," मास्तर म्हणाले. "मले नही चाललं. पण माह्या हातात काय हाये, अभिमन? शेवटची तबकडी हाये, रिकाम्या हातानं घरी कसा जाऊ? साहेब जेवून येईस्तोवर काही सुचलं तं पाहू. नही तं तुह्याबिगर."

"तुह्याबिगर" हा शब्द मास्तरांनी जमिनीकडे बघत म्हटला. अभिमनने मान दुसरीकडे फिरवली. त्याला रडू येत होतं, आणि पन्नाशीच्या माणसाला परक्या गावात, दिवसाढवळ्या रडू येणं फार वाईट. आजनंतर बँड नाही. म्हणजे आता चुकली ती कायमची चुकली. जगात या बँडाच्या तीन तबकड्या राहतील आणि तिन्हीत अभिमन नसेल.

निंबाच्या पलीकडच्या बाजूला धुरपदाबाई रुईतला काडीकचरा वेचत बसली होती. जिनिंगमध्ये जन्म काढलेली बाई. सकाळपासूनचा तमाशा तिने पाहिला होता.

"काय भाऊ, ढोलना आवाज मोठा शे म्हनीसन बाहेर काढं का तुले?"

"हो बाई."

"मंग त्याना पोटमा रुई भर ना. आम्ही त्या गोडाऊनमा कितला बी बोंबलनूत तरी मुकादमले ऐकू येत नही. बठ्ठा आवाज रुई खाई टाकस."

अभिमन असा काही भडकला की बाईने टोपलं बाजूला सरकवलं. ढोलात रुई? ज्याचा आवाज भादलीपर्यंत जातो त्याचं तोंड दाबायचं? बापाच्या हातची दोरी सोडायची? गादी आहे का ती? बाईने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा काड्या वेचायला लागली. "मन्हं काय जास? ऱ्हाऊ दे मंग बाहेर," एवढंच म्हणाली.

राग नेहमीप्रमाणे उतरला, आणि उतरल्यावर अभिमनच्या लक्षात आलं की बाईच्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. बाहेर राहून मोठा, की आत जाऊन लहान, एवढाच सवाल होता. भादलीच्या स्टेशनाला उद्यापासून तसंही काही ऐकू जाणार नव्हतं. त्याने ढोल आडवा पाडला. गाठ तेलाने आणि वर्षांनी घट्ट बसलेली होती. बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. "आबा, माफ करा," असं तो बापाला मोठ्याने म्हणाला. धुरपदाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कातडं बाजूला झालं आणि आतून ज्वारी सांडली. मूठ-दीडमूठ. हळदीकुंकवाने रंगलेली, काही दाणे पार विटलेले, काही अगदी परवाचे. ढोलाच्या अंगाला हवेसाठी बोटभर भोक होतं. लग्न लागताना मांडवाच्या दाराशी उभ्या ढोलावर अक्षता पडायच्या आणि त्यातला एखाददुसरा दाणा त्या भोकातून आत जायचा. सत्तावीस वर्षं जात होता. आणि हा आपला समजत होता की ढोल म्हातारा झाला म्हणून आतून खुळखुळतो! अभिमन खो-खो हसायला लागला. पंडित धावत आला, बाकीचे आले. जो तो एकेक दाणा उचलून म्हणू लागला, हा अमक्याच्या लग्नाचा, हा तमक्याच्या. मास्तरांनी थोडे दाणे उचलून खिशात टाकले.

मग रुई भरली. पहिल्यांदा इतकी, की ढोल गादी झोडल्यासारखा वाजला. थोडी काढली. पुन्हा थोडी काढली. धुरपदाबाई आता काम सोडून उभी होती आणि मान हलवून सांगत होती, अजून, अजून, बस. दोरी आवळली. अभिमनने ठोका मारला. पूर्वीचा ढोल 'धूऽम' म्हणायचा आणि ते धूम गावभर हिंडून यायचं. हा म्हणाला, 'धप्'. तिथल्या तिथे. आखूड, जाड, आणि ऐकणाऱ्याच्या थेट गुडघ्यात. पंडितचा पाय उचलला गेला, त्याला कळायच्या आत.

साहेब जेवून आले ते जांभई देतच. ढोल आत बघून त्यांची जांभई अर्ध्यात राहिली. "एक ठोका, साहेब," अभिमन म्हणाला. "एकच." साहेबांनी यंत्र चालू केलं. धप्. काटा उठला, काचेच्या मध्यावर आला आणि मुकाट्याने खाली बसला. साहेब चष्मा काढून काट्याकडे बघत राहिले.

"पुन्हा मारा," ते म्हणाले. मग म्हणाले, "काय केलंत हो?"

"त्याले जेवू घातलं," अभिमन म्हणाला.

सगळ्यांनी पायताणं काढली. जागच्या जागी पावलं टाकत वाजवायचं असं ठरलं, कारण उभं राहून वाजवणं या मंडळींना साधतच नव्हतं. खाली रुईचा थर, पावलांचा आवाज नाही. चाल सुरू झाली. पहिल्या वेळी चढण आली तशी अभिमनला चढली आणि त्याने सवयीने खांद्यापासून हात फिरवला. काटा तांबड्यात. साहेब फक्त म्हणाले, "भाऊ, हळू." दुसऱ्या वेळी त्याने कोपर बरगडीला घट्ट दाबून धरलं आणि मनगटानेच वाजवलं. केळीचे घड वाहणाऱ्या माणसाला हळू वाजवणं किती जड जातं, ते त्याच्या कपाळावरच्या घामाने सांगितलं असतं.

आणि तेव्हा त्याला बाकीचे ऐकू आले. सत्तावीस वर्षं स्वतःच्या धूममध्ये त्याला फक्त धूम ऐकू यायची. आता ढोल लहान झाला आणि त्यापलीकडे तोताराम मास्तर जीव ओतून वाजवताना त्याने पहिल्यांदाच नीट ऐकले. सूर थोडा थरथरत होता. म्हाताऱ्या छातीचा होता तो, पण काय गोड होता! पंडित कुठे श्वास घेतो तेही कळलं. ही माणसं एवढं सुंदर वाजवत होती आणि आपण त्यांच्यावर रोज धूम पांघरत होतो, या विचाराने अभिमनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात मात्र चुकले नाहीत. साहेबांनी बोट दाखवलं आणि अभिमनने तीन ठोके दिले. बँड थांबला. यंत्राची चाकं अजून फिरत होती, म्हणून कुणी हललं नाही. मग साहेबांनी बटण दाबलं आणि खिशातून रुमाल काढला. या वेळी तो खरंच त्यांनी मिरवणुकीतल्यासारखा हलवला.

दुसऱ्या बाजूची चालही तासाभरात झाली. शेठने सगळ्यांना शेव-जिलेबी घातली. शुक्रवारी चौघं दीपनगरला गेले. मास्तरांनी नऊ कोट धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवले. अभिमनने ढोल रुईसकट आढ्याला टांगला आणि केळीच्या मळ्यात गेला. मधले चार-पाच महिने त्याने तबकडीचं नाव काढलं नाही. मनात एकच धाकधूक होती. मुंबईला नेऊन साहेबांनी ढोल पुसून टाकला असला तर?

दिवाळीनंतर तबकडी आली. शेठनी स्वतः पाठवली. गावाच्या पारावर लाउडस्पीकर लावला, दीपनगरहून चौघं आले, मास्तर टोपी सारखी करून बसले. चुडामण दुकान बंद करून आला, म्हणजे त्याची केवढी तयारी! अभिमन गर्दीच्या अगदी मागे, सुंदरबाईशेजारी उभा राहिला. मास्तरांनी सुई टेकवली. क्लॅरिनेट निघालं. आणि त्याच्या खालून, धप्. धप् धप्.

चुडामणने तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. पुढच्या पोरांचे पाय हलले, मग बायकांच्या घोळक्यात हसू फुटलं, मग पंडितने कुणाला तरी ओढलं आणि बघता बघता अख्खा पार नाचायला लागला. मास्तर मागे वळून गर्दीत अभिमनला शोधत होते. चुडामणही नाचत होता, दोन्ही हात वर करून, आणि तिथूनच ओरडला, "अभिमन, सापडला रे भो तुह्या ढोल!"

अभिमन नुसता बघत होता. सत्तावीस वर्षांत त्याने हे कधी पाहिलंच नव्हतं. नाचणारे बँडाच्या पुढे आणि हा सगळ्यांच्या मागे, त्याला दिसायच्या त्या फक्त आठ लाल पाठी. आपल्या ढोलावर माणसं अशी नाचतात? त्याचे हात मोकळे होते. पोटापुढे काही नव्हतं. त्याला काय करावं ते कळेना, आणि कळायच्या आत तो गर्दीत शिरला होता.

गाव नाचवणारा अभिमन आयुष्यात पहिल्यांदा नाचला, आणि काय सांगू, एक पाऊल तालात पडलं तर शपथ. ठोका पडायचा तेव्हा याचा पाय हवेत, आणि पाय पडायचा तेव्हा ठोका निघून गेलेला. पोरं पोट धरून हसायला लागली. अभिमनला वाटलं यंत्रच बिघडलं. तो घामाघूम होऊन सुंदरबाईला ओरडून म्हणाला, "ढोल चुकून राह्यला का व?"

सुंदरबाईने डोळ्यांना पदर लावला होता, आणि ती हसतही होती.

"ढोल बराबर हाये," ती म्हणाली. "तुमी चुकून राह्यले. नाचा."